‘ट्टॉक’चं कानातलं आणि आकसणारी शीट : वापरून लिहिलेला अभिप्राय

श्रिंक शीट (तापवली की आकसून टणक होणारं प्लास्टिकचं पान) घ्यावी का, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देते. एका बाजूने खरखरीत असलेली, पांढुरकी दिसणारी फ्रॉस्टेड शीट घ्या. दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेली पारदर्शक शीट पहिल्या खेपेला घेऊ नका. इंकजेट प्रिंटरवर छापायची म्हणून जी महाग शीट मिळते, ती तर नकोच. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी बसा, कारण माझं म्हणणं थोडं लांबणार आहे.

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे विणलेल्या कापडावर पुढच्या प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये काम करते. दिवसभर कापड धुऊन, वाळवून, ते किती आकसलं ते मोजायचं. संध्याकाळी घरी येऊन मी प्लास्टिक भाजते आणि तेही किती आकसलं ते मोजते. नवरा म्हणतो, तुझा छंद आणि तुझी नोकरी यांत फरक फक्त पगाराचा आहे.

हे सगळं सुरू झालं फास्टर फेणेमुळे. फुरसुंगीचा बनेश फेणे, भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचं वाचन त्याच्या सायकलच्या मागे बसून सुरू झालं. २०१७ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तेव्हा आमचा सगळा घोळका तो बघायला गेला होता. पण थिएटरबाहेर पडल्यावर अंगावर मिरवायला काय? हॉगवर्ट्सचे मफलर कुठल्याही मॉलमध्ये मिळतात. ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, पोरांच्या तलवारी किचेनला लटकलेल्या दिसतात. आमच्या फाफेचं, म्हणजे फास्टर फेणेचं, काहीच नाही. मला फक्त त्याचा तो एक उद्गार कानात हवा होता : ट्टॉक! ज्याला कळेल तो हसेल, ज्याला कळणार नाही त्याला वाटेल कसलीतरी नक्षी आहे.

सुरुवातीला मण्यांकडे वळले. त्या वेळी सगळीकडे टेलर स्विफ्टच्या चाहत्यांच्या ब्रेसलेटची धूम होती. मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ असा १४९ कार्यक्रमांचा तिचा दौरा झाला. तिच्या २०२२ च्या अल्बममधल्या एका गाण्यात मैत्रीच्या ब्रेसलेटचा उल्लेख आहे. तो धरून चाहत्यांनी अक्षरांचे मणी ओवून ब्रेसलेटं बनवली आणि स्टेडियमबाहेर अनोळखी लोकांशी अदलाबदल केली. कल्पना झकासच आहे, पण तिचा सगळा डोलारा इंग्रजी अक्षरांच्या मण्यांवर उभा आहे. एका मण्यावर एक अक्षर, काम झालं. आता ‘ट्टॉक’ ओवून दाखवा. ट खाली ट, वर अर्धचंद्र, पुढे काना. मला देवनागरी अक्षरांचे मणी कुठे मिळाले नाहीत आणि मिळाले तरी जोडाक्षराची डबी कोण भरून ठेवणार? रोमन अक्षरांत लिहायचं तर त्यापेक्षा कान मोकळे बरे.

म्हणून श्रिंक शीट. तिच्यावर आपण हाताने जे काढू ते राहतं, लिपी कुठलीही असो. माझ्या मते मराठी चाहत्यांसाठी तिचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

आता ही वस्तू काय आहे ते. पॉलिस्टायरिनचं पातळ पान. कारखान्यात ते गरम असताना दोन्ही दिशांना ताणतात आणि ताणलेलं असतानाच गार करतात. आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या तशाच ताणलेल्या अवस्थेत अडकून पडतात. तुम्ही ते पुन्हा साधारण शंभर अंशांच्या पुढे नेलंत की साखळ्या सुटतात आणि मूळच्या गुंत्यात परत जातात. लांबी-रुंदी निम्म्याहून कमी होते, जाडी वाढते. माझ्याकडची ०.३ मिलीमीटरची शीट भाजल्यावर दीड मिलीमीटरच्या पुढे जाते, बटणासारखी टणक होते आणि टाकली की टणत्कार करते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या बेटी मॉरिस यांनी १९७३ मध्ये मुलाच्या कब स्काउटच्या उपक्रमासाठी हा प्रकार हाताळला आणि त्यातून ‘श्रिंकी डिंक्स’ नावाचं खेळणं निघालं. जपानमध्ये याला ‘पुराबान’ म्हणतात, तिथल्या शंभर येनच्या दुकानांत ते मिळतं आणि ॲनिमेचे चाहते त्यावर आपापली पात्रं काढून बॅगेला अडकवतात. आपल्याकडे ऑनलाइन मिळतं, मोठ्या शहरांत हस्तकलेच्या दुकानांतही. मला ए-फोर आकाराची शीट साधारण ४० ते ५० रुपयांना पडते. एका शीटमध्ये सहा जोड कानातली बसतात, कंजूषपणे आखली तर आठ.

पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘मूळ आकाराच्या ४० टक्के होते’. माझ्या धंद्यात अशा वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. कापड तपासताना आम्ही त्यावर चौकोन आखतो, धुतो, वाळवतो आणि ताण्याच्या दिशेने किती आकसलं, बाण्याच्या दिशेने किती आकसलं ते वेगवेगळं मोजतो. दोन्ही आकडे सहसा सारखे येत नाहीत. कारण कापड मागावर आणि पुढे प्रोसेसमध्ये सगळीकडून सारखं ताणलं गेलेलं नसतं. मग ताणलेल्या प्लास्टिकचं वेगळं काय होणार?

म्हणून नवं पाकीट आलं की मी एका शीटच्या कोपऱ्यातून १० सेंटिमीटरचा चौकोन कापते, लांबीच्या दिशेला बाण काढते आणि भाजते. चांगल्या पाकिटातला चौकोन ४.२ बाय ४.३ येतो. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. एका स्वस्त पाकिटातला मात्र ४.२ बाय ४.६ आला. म्हणजे तुम्ही ६ सेंटिमीटरचं गोल काढलंत तर हाती येतो अंडाकृती बिल्ला. फुलापानांची नक्षी असेल तर खपून जातं. पण देवनागरीला शिरोरेषा असते. शब्द किंचित तिरका आखला गेला असेल आणि शीट एकीकडे जास्त ओढली गेली, तर रेघ अक्षरांच्या दांड्यांशी काटकोन सोडते आणि अक्षरं दारू पिऊन उभी राहिल्यासारखी दिसतात. रोमन अक्षरांत ही चूक लपली असती, आपल्याकडे ती डोक्यावरच असते.

ते पाकीट मी फेकलं नाही. गणित सोपं आहे : ज्या दिशेला शीट कमी आकसते त्या दिशेला चित्र आधीच थोडं दाबून काढायचं. ६ च्या जागी ५.५ घेतलं की दोन्हीकडून अडीच सेंटिमीटर येतं, गोल गोलच राहतो. फक्त शीट कापताना दिशा विसरायची नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात, जो पुढे कापून जाणार आहे अशा भागात, पेन्सिलीने बाण. विकणाऱ्याला मी हे कळवलं तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, ओव्हन बदलून बघा.’ असो.

खरखरीत बाजूचा आग्रह का, ते सांगते. रंगीत पेन्सिल चकचकीत प्लास्टिकवर धरत नाही, घसरते. पारदर्शक शीट घेतली तर आधी बारीक पॉलिश पेपरने, ३२० किंवा ४०० नंबरच्या, उभं-आडवं घासावं लागतं आणि घासलेली पूड सगळ्या टेबलावर होते. फ्रॉस्टेड शीटला ते काम कारखान्यातच झालेलं असतं. भाचीच्या शाळेतल्या जुन्या पेन्सिलींचा डबाही पुरतो. रंग मात्र हलक्या हाताने भरायचा. क्षेत्रफळ पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं, रंग तेवढाच राहतो, त्यामुळे तो भलताच गडद होतो. आकाशी भरला तर शाईचा निळा निघतो. जांभळा नेहमीच्या हाताने भरला तर काळाच. तेलखडू चालत नाहीत, वितळून पसरतात.

चित्र खरखरीत बाजूला काढायचं आणि घालताना गुळगुळीत बाजू पुढे ठेवायची. म्हणजे रंग मागे सुरक्षित राहतो आणि पुढून काचेसारखी झळाळी येते. यात अडचण एकच, अक्षरं उलटी काढावी लागतात. मी शब्द कागदावर मोठा लिहिते, कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरते आणि मागून दिसतो तसा शीटवर गिरवते. काही जणी मोबाइलवर उलटवून घेतात, तेही चालतं.

देवनागरीसाठी आणखी दोन गोष्टी, कारण याबद्दल कुठल्याही पाकिटावर एक ओळ नसते. रेघ किमान १ मिलीमीटर जाड हवी. भाजल्यावर ती अर्ध्या मिलीमीटरच्या आत येते, त्याहून बारीक वेलांटी वाचता येत नाही. आणि जोडाक्षरातली पोकळी उदारपणे मोकळी ठेवायची. ‘ट्ट’मध्ये वरचा ट आणि खालचा ट यांच्यात २ मिलीमीटर जागा सोडली तर आकसल्यावर जेमतेम फट उरते. नाही सोडली तर दोन्ही ट एकमेकांत मिसळून एक ठिपका होतो. अर्धचंद्रही जरा उंच काढायचा, नाहीतर तो शिरोरेषेवर बसतो आणि ‘ट्टॉक’चा ‘ट्टाक’ होतो. फाफेच्या तोंडी ‘ट्टाक’ मी सहन करणार नाही.

भोक आधी पाडायचं. ऑफिसातलं साधं ६ मिलीमीटरचं पंच घ्या, भाजल्यावर ते अडीचचं होतं आणि कडी आरामात जाते. नंतर पाडायला गेलात तर टणक झालेला तुकडा तडकतो. कोपरेही आधीच गोल कापा. आकसलेला टोकदार कोपरा मानेला बोचतो.

भाजण्यासाठी छोटा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) उत्तम, १६० अंशांच्या आसपास, बेकिंग पेपरवर. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग तुकडा तव्यावरच्या पापडासारखा कडेने वळायला लागतो, स्वतःभोवती गुंडाळतो आणि बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. हात लावायचा नाही. बहुतेक वेळा तो आपणहून उलगडतो आणि सपाट होतो. दोनेक मिनिटांत बाहेर काढून लगेच एका सपाट फरशीच्या तुकड्याखाली दाबायचा, दहा-पंधरा सेकंद पुरे. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने पण होतं, मात्र वाऱ्याने तुकडा उडतो आणि एकच बाजू आधी तापल्याने वाकडा होतो. खिडकी उघडी ठेवा. शीट जळेल एवढी तापवायची गरज कधीच नसते, वास झोंबायला लागला म्हणजे तापमान जास्त झालंय. माझा ओटीजी फक्त याच कामाचा आहे, जुना, केक त्यात होत नाही. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांना मी हा छंद सुचवणार नाही.

वरून लावायला पाण्यावर आधारलेलं वॉर्निश घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन पॉलिस्टायरिनला विरघळवतं, त्यामुळे तीव्र वासाचे स्प्रेही आधी वाया गेलेल्या तुकड्यावर मारून बघावेत. हे ज्याच्यासाठी कानातलं बनवताय त्यालाही सांगून ठेवा. नखं साफ करता करता कानातल्याला बोट लागलं की चमक गेली.

इंकजेटवाल्या शीटबद्दल मी सुरुवातीला तोडून बोलले, त्याचं कारण. ती नीट चालते. छापा, कापा, भाजा. रंग फिके छापावे लागतात एवढंच. (चुकूनही लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. तो कागद तापवतो, शीट आतच आकसेल आणि प्रिंटर कामातून जाईल.) पण किंमत दुप्पट, आणि छापायला मिळालं की माणूस काय करतो? नेटवरचं पोस्टर उतरवतो आणि छापतो. मग ते हाताने केलेलं राहिलं कुठे? हातगाडीवर वीस रुपयांना तसंच किचेन मिळतं, आणि तेही बरं असतं.

हे शहाणपण माझं नाही, भाचीचं आहे. ती कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि बीटीएस या कोरियन बँडची कडवी चाहती. तिच्यासाठी मी पहिल्यांदा त्यांचा लोगो काढायला घेतला तेव्हा म्हणाली, ‘मावशी, लोगो नको गं. लोगो तर सगळ्याच घालतात. तू जांभळा रंग भर आणि फक्त तारीख लिही.’ तारीख म्हणजे १३ जून, २०१३ मध्ये त्या दिवशी त्या सात पोरांचं पदार्पण झालं. जांभळा का, तर त्यांच्यातल्या व्हीने २०१६ च्या एका चाहता मेळाव्यात त्या रंगाला प्रेमाचा, विश्वासाचा अर्थ दिला आणि तेव्हापासून तो चाहत्यांचा झाला. मग मी देवनागरी आकड्यांत ‘१३·०६’ लिहिलं, मागे फिका जांभळा. बसमध्ये बायका तिला विचारतात, वाढदिवस का गं तुझा? आणि महिन्यातून एखादी मुलगी काहीही न विचारता स्वतःच्या बॅगेवरचा जांभळा रिबनचा तुकडा दाखवते. भाचीच्या मते दुसऱ्या प्रकारच्या मुलीसाठीच हा खटाटोप असतो.

तिच्या मैत्रिणींना मी आता फोटोकार्डच्या (कलाकाराचा फोटो छापलेल्या छोट्या कार्डाच्या) पाकिटाला लावायचे लटकनही करून देते. ही कोरियन फोटोकार्डं साधारण ५५ बाय ८५ मिलीमीटरची असतात, म्हणून लटकन ३ सेंटिमीटरच्या आत ठेवायचा, नाहीतर कार्डावरचा चेहरा झाकला जातो आणि त्यावरून भांडण होतं.

पैशांचा प्रश्न येतोच. ‘विकत का नाहीस?’ असं मला दर गणपतीत कुणीतरी विचारतं. फाफेचं मी विकत नाही. भागवत २००१ मध्ये गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. पुस्तकातलं एकही चित्र मी गिरवलेलं नाही, पण त्यांच्या पोरावर मी नफा कमवावा हे मला बरं वाटत नाही. मोठ्या कंपन्यांच्या पात्रांबाबत तर भीतीही आहे. ‘फायरफ्लाय’ नावाची एक अमेरिकन मालिका २००२ मध्ये आली आणि लवकर बंद पडली. तिच्यातल्या एका पात्राला आईने विणून पाठवलेली नारिंगी-पिवळी वेडीवाकडी टोपी चाहत्यांना इतकी आवडली की वर्षानुवर्षं बायका ती विणून एकमेकांना विकत होत्या. २०१३ मध्ये मालिकेचे हक्क असलेल्या फॉक्सने एका कंपनीला अधिकृत टोपी काढायचा परवाना दिला आणि एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात टोप्या विकणाऱ्यांना नोटिसा गेल्या. मालिका जिवंत ठेवली विणणाऱ्यांनी, टोपी झाली परवानेवाल्यांची. कायद्याने ते बरोबर असेल. मला त्या विणणाऱ्या बायकांचा राग कळतो.

त्यामुळे माझा हिशेब असा : शीटचे आणि कड्यांचे पैसे घेते, हाताचे घेत नाही, आणि बदल्यात समोरच्याने हाताने केलेलं काहीतरी द्यायचं. आतापर्यंत क्रोशाचं एक बेडूक, लिंबाचं लोणचं आणि एका मुलाने लिहिलेली, माझ्याच नावाची सुलेखन पाटी आली आहे. लोणचं चाहतेपणात बसतं की नाही यावर घरात मतभेद आहेत.

फुकटात करून बघायचं असेल तर केक-पेस्ट्रीच्या पारदर्शक डब्याच्या तळाशी बघा. त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरिन, सपाट भाग कापून भाजून बघता येतो. १ आकडा असेल तर ते पीईटी नावाचं वेगळं प्लास्टिक, ते सोडून द्या. पण डब्याचं प्लास्टिक कुठल्या दिशेला किती ताणलंय याचा काही भरवसा नसतो. सरावाला ठीक, शिरोरेषेला नाही.

गुण द्यायचे तर फ्रॉस्टेडला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पाकिटावरच्या आकसण्याच्या आकड्यासाठी, जो दोन दिशांना वेगळा छापायला काहीच हरकत नव्हती. पारदर्शकला अडीच. पांढरी अपारदर्शकही मिळते. बिल्ल्याला छान, कानातल्याला नको, मागची बाजू कोरी दिसते.

शेवटी हुक. सगळे शीटबद्दल विचारतात, हुकबद्दल कुणी विचारत नाही आणि तक्रार नेमकी त्याचीच येते. पाकिटाबरोबर फुकट येणारे हुक निकेलचे असले तर कित्येकींचे कान चिघळतात, माझेही. आमच्यापासून हुपरी जवळ आहे, चांदीचं गाव. तिथल्या एका कारागिराकडून मी चांदीच्या तारेचे साधे हुक करून घेते. एका जोडीची किंमत आख्ख्या शीटपेक्षा बरीच जास्त होते. पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे ‘ट्टॉक’ ठेवलं तेव्हा त्यांनी ते भिंगाखाली धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, कडी जरा मोठी लागेल. आणि हे फाफेचं ना?’ त्या जोडीची मजुरी त्यांनी घेतली नाही, पण पुढच्या खेपेला एक जोड त्यांच्या मुलीसाठी मागून घेतला.